अजाताचा कैवार आणि आईचा भार

पर्लकोटेला पूर आला आणि भामरागडचा संपर्क तुटला, ही बातमी चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकाला वर्षानुवर्षे पावसाळ्यात वाचावी लागत आली आहे. तिच्याच आगेमागे, आतल्या पानावर, आणखी एक लहानशी बातमी असते. कळा सुरू झालेल्या एखाद्या बाईला गावकऱ्यांनी खाटेची कावड करून, चिखल तुडवीत, नाले ओलांडीत आरोग्य केंद्रापर्यंत आणलेले असते. कधी दोघेही जगतात. कधी आई जगते आणि मूल जन्मण्यापूर्वीच जाते. त्या अर्भकाची नोंद फार तर एखाद्या रजिस्टरात होते. त्याच्यासाठी सभा भरत नाहीत, की न्यायालयात कोणी वकील उभा राहत नाही. गर्भस्थ जीवाच्या हक्काविषयी जगभर जो वाद चालू आहे, त्यात ख्रिस्ती धर्मविचाराचा आवाज सर्वांत ठाम आहे. त्या वादाचा विचार या खाटेजवळ उभे राहून केला, तर त्याचे स्वरूप पुष्कळच बदलते.

हा विचार या दोन जिल्ह्यांना अगदीच परका आहे असेही नाही. स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चचे मिशन चांद्याला गेल्या शतकाच्या आधीपासून होते; तेथे दीर्घकाळ काम केलेले अलेक्झांडर वुड पुढे नागपूरचे बिशप झाले. १९६२ साली केरळच्या सिरो-मलबार चर्चने आपल्या प्रदेशाबाहेरील कार्यासाठी चांदा हे क्षेत्र स्वीकारले आणि १९७७ साली त्याला स्वतंत्र धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. ख्रिस्ती समाज येथे संख्येने अत्यल्प आहे; परंतु मिशनच्या शाळा आणि दवाखाने यांच्याशी संबंध आलेली कुटुंबे त्याहून कितीतरी अधिक आहेत. गर्भस्थ जीवाविषयी हा धर्म नेमके काय म्हणतो आणि त्यातले इतरांनी घ्यावे असे काय आहे, हे समजून घेण्यास येथील सुशिक्षित वाचकाला म्हणूनच कारण आहे.

ख्रिस्ती भूमिकेचा पाया असा आहे: मनुष्यजीवन ही ईश्वराची देणगी असून तिचा आरंभ मातेच्या उदरातच होतो. जुन्या करारातील १३९व्या स्तोत्राचा कर्ता आपण उदरात घडत असतानाच देव आपल्याला ओळखत होता असे मानतो. यिर्मया संदेष्ट्याला आपली निवड जन्मापूर्वीच झाल्याची जाणीव होते. लूकच्या शुभवर्तमानात मरीयेचे अभिवादन कानी पडताच अलीशिबेच्या उदरातील बाळ आनंदाने उसळते. पहिल्या-दुसऱ्या शतकातील ‘दिदाखे’ या शिकवणपुस्तिकेत गर्भपात आणि अर्भकहत्या या दोहोंचा एकत्रच निषेध आहे. नको असलेले मूल उघड्यावर टाकून देणे ज्या रोमन समाजात रूढ होते, त्या समाजात हा निषेध उच्चारला गेला, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे महत्त्व कळते. दुर्बलांतल्या दुर्बलाची बाजू घेण्याची ती एक प्रतिज्ञा होती.

तथापि ही परंपरा प्रत्येक काळात एकाच स्वरात बोलली, असे मानणे इतिहासाला धरून होणार नाही. निर्गमाच्या २१व्या अध्यायात मारामारीत एखाद्या गर्भवतीला धक्का लागला तर काय दंड व्हावा याचा नियम आहे आणि त्याच्या अर्थाविषयी पंडितांत आजही मतभेद आहेत. संत ऑगस्टीन आणि तेराव्या शतकातील थॉमस अक्वायनस यांच्या मते गर्भात मानवी आत्मा काही काळाने येतो. गर्भपात त्यांना कोणत्याही अवस्थेत पापच वाटे, पण त्यातला आरंभीचा आणि नंतरचा हा भेद ते मानीत. रोमन कॅथलिक धर्मनियमांतून हा भेद अखेर गेला तो १८६९ साली, नववे पायस पोप असताना. मौज अशी की, त्याच सुमारास, १८६० साली, तयार झालेल्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३१२ मध्ये हा भेद कायम होता. गर्भपातास तीन वर्षांपर्यंत शिक्षा आणि गर्भाची हालचाल जाणवू लागल्यानंतर केलेल्या गर्भपातास सात वर्षांपर्यंत, अशी ती तरतूद होती. आईचा प्राण वाचवण्याचा अपवाद तेवढा या कायद्याने ठेवला होता.

प्रॉटेस्टंट पंथांत एकच सर्वोच्च धर्मपीठ नसल्याने तेथे मतांची छटा निराळी आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे निरनिराळ्या पंथांच्या मीलनातून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ उदयास आले. अशा चर्चमधील अनेक आचार्य गर्भाचे पावित्र्य मानूनही आईच्या प्राणावर बेतले असता किंवा बलात्कारासारख्या प्रसंगी निर्णय तिच्या विवेकावर सोपवतात. कॅथलिक चर्चचा निषेध अधिक कठोर आहे; परंतु १९९५ सालच्या ‘इव्हान्जेलियम वीते’ या परिपत्रकात पोप दुसरे जॉन पॉल यांनी गर्भपात केलेल्या स्त्रियांना उद्देशून लिहिताना धिक्काराची नव्हे, सांत्वनाची भाषा वापरली. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी या पापाची क्षमा देण्याचा अधिकार सर्व धर्मगुरूंना कायमचा दिला.

या विचारात इतरांनी लक्ष द्यावे असे काय आहे? गर्भ हा आकडा नव्हे, ही त्यातली मुख्य गोष्ट होय. आपल्याकडे गर्भपाताचा कायदा १९७१ साली झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून अमलात आला. १९६४ साली नेमलेल्या शांतिलाल शहा समितीपुढे मुख्य प्रश्न होता तो चोरून होणाऱ्या गर्भपातांत मरणाऱ्या स्त्रियांचा, आणि तो रास्तच होता. परंतु त्याच काळात लोकसंख्येचा बागुलबुवा राज्यकर्त्यांच्या मनावर इतका स्वार झाला होता की, १९७६ साली महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायद्यात उतरले नाही, एवढेच. मनुष्य हा जमाखर्चाचा एक रकाना झाला म्हणजे सुसंस्कृत सभागृहेही कोठवर जातात, याचे हे उदाहरण आहे.

तो दृष्टिकोन आज संपला आहे असे म्हणता येत नाही. राज्याच्या २००५च्या नियमांनुसार शासकीय नोकरीसाठी लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. ग्रामपंचायतीच्या उमेदवारालाही दोन अपत्यांची अट आहे. हेतू कितीही चांगला असो, तिसऱ्या खेपेस दिवस गेलेल्या शिक्षकाच्या किंवा कारकुनाच्या घरात त्या अटीचा परिणाम काय होत असेल, हे सांगावयास नको. नोकरी आणि गर्भ यांना एकाच तराजूत घालण्याचे काम तेथे शासनानेच केलेले असते. दोनच अपत्ये हवीत आणि त्यांत मुलगा हवा, या दुहेरी दडपणाखाली सर्वप्रथम कोणाचा बळी जातो, हेही महाराष्ट्राला ठाऊक आहे. गर्भलिंगचिकित्सेवर कायद्याने नियंत्रण आणणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य. तो कायदा १९८८चा. केंद्राचा कायदा १९९४ साली झाला. तरीही २०११च्या जनगणनेत सहा वर्षांखालील मुलींचे प्रमाण राज्यात हजार मुलग्यांमागे नऊशेच्याही खाली गेले. त्याच जनगणनेत चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत ते साडेनऊशेच्या वर होते. ज्यांना आपण मागासलेले म्हणतो त्या अरण्यवासीयांनी मुलीचा गर्भ अधिक जपला आणि सोनोग्राफीची यंत्रे दाराशी असलेल्या समृद्ध जिल्ह्यांनी तो खुडला. एकूण गर्भपाताविषयी कोणाचे मत काहीही असो, येथे ख्रिस्ती नीतिविचार आणि स्त्रीमुक्तीचा विचार एकाच बाजूला उभे राहतात.

याहून अवघड प्रश्न सिकलसेलचा आहे. पूर्व विदर्भात हा आनुवंशिक रोग पुष्कळ घरांत आहे. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक खेपेस मूल रोगी जन्मण्याची शक्यता चारात एक असते. गर्भावस्थेतच रोगाचे निदान करता येते. म्हणजेच निवडीचा प्रश्नही उभा राहतो. रोगी म्हणून कोणाचे जिणे अवमूल्य ठरत नाही, असे ख्रिस्ती विचार सांगतो आणि ते खोटे नाही. परंतु हाडे फोडणाऱ्या वेदनेने रात्रभर कण्हणाऱ्या मुलाला कुशीत घेऊन बसलेल्या आईला हे वाक्य नुसते ऐकवून भागत नाही. तिला औषध हवे, रक्त हवे, जवळचा दवाखाना हवा. ते देण्याची तयारी नसलेल्या समाजाने तिला जीवनाच्या पावित्र्याचा पाठ देऊ नये.

येथेच या भूमिकेची कसोटी लागते. तत्त्व म्हणून जे उदात्त आहे, ते केवळ दंडविधानाच्या बळावर लादले म्हणजे काय होते, हे आयर्लंडमध्ये दिसले. तेथे १९८३ साली गर्भाच्या जीविताच्या हक्काला घटनेत आईच्या हक्काइतकेच स्थान देण्यात आले. २०१२च्या ऑक्टोबरात गॉलवे येथील रुग्णालयात सविता हलप्पनवार ही एकतीस वर्षांची दंतवैद्य दाखल झाली, माहेर बेळगावचे. सतराव्या आठवड्यात गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट झाले होते. गर्भपात करावा अशी तिने विनंती केली. परंतु गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू आहेत म्हणून ती मानली गेली नाही. रक्तात जंतुदोष पसरून २८ ऑक्टोबरला ती गेली. गर्भही वाचला नाही. सहा वर्षांनी त्याच कॅथलिक देशाने सार्वमत घेऊन ६६ टक्क्यांहून अधिक मतांनी ती घटनादुरुस्ती रद्द केली. गर्भाचा कैवार घेताना आई दिसेनाशी झाली, तर त्या कैवाराला जनतेच्या मनात थारा राहत नाही, हा त्याचा अर्थ आहे.

आपल्या कायद्याने हा तोल बऱ्याच अंशी सांभाळला आहे. २०२१च्या दुरुस्तीने वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरेसे ठरले. विशिष्ट परिस्थितीतील स्त्रियांसाठी दोन डॉक्टरांच्या मताने ही मर्यादा चोवीस आठवड्यांपर्यंत गेली. आणि गर्भात गंभीर दोष असल्यास त्यापुढेही वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाची वाट मोकळी झाली. तरीही ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सव्वीस आठवड्यांच्या एका गर्भवतीला परवानगी नाकारली. मात्र तेवढ्यावर न थांबता प्रसूतीचा खर्च शासनाने सोसावा आणि मूल दत्तक द्यावयाचे की नाही ते आईबापांनी ठरवावे, असेही न्यायालयाने सांगितले. ‘मूल जन्मू दे’ असे म्हणणाऱ्याने त्यापुढचा खर्चही आपल्याकडे घ्यावा, हे सूत्र त्या निर्णयात आहे आणि तेच या साऱ्या चर्चेत दुर्लक्षित राहते.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर गर्भाचे मूल्य सगळेच मान्य करतात. किंमत मात्र एकटी आई मोजते. हे अरण्यात जितके उघड दिसते तितके शहरात दिसत नाही. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतील दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना एक वा अनेक स्त्रीरोग होते आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. म्हणजे जिच्या उदरातल्या जिवाच्या पावित्र्याविषयी दिल्लीत आणि रोममध्ये वाद चालला होता, तिच्या स्वतःच्या देहाची कोणी विचारपूसही केली नव्हती. रक्तक्षय, अपुरे अन्न, गरोदरपणातला मलेरिया आणि वेळेवर न मिळणारे वाहन ही येथील गर्भाच्या नाशाची जुनी कारणे आहेत. या मृत्यूंना कोणाची इच्छा कारणीभूत नसते; सर्वांची उपेक्षा असते.

उलट उपेक्षा थांबली की काय होते, हेही याच जिल्ह्यात दिसले आहे. गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बालकांची घरोघर काळजी घेतल्याने ३९ गावांत नवजातांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, असे डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली दाखवून दिले. प्रसूतीपूर्वी काही दिवस गर्भवतीला आरोग्य केंद्राजवळ आणून ठेवणारी ‘माहेरघर’ योजना, शेवटच्या तिमाहीत रोज एक चौरस जेवण देणारी २०१५ सालची अमृत आहार योजना, या शासनाच्या योजना म्हणजे गर्भस्थ जीवाच्या हक्काची येथल्या परिस्थितीतली खरी कलमे आहेत. त्यांतला तांदूळ, अंडे आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईचे मानधन वेळेवर पोहोचते की नाही, हा गर्भाच्या जीविताचाच प्रश्न मानला पाहिजे.

राहता राहिला लज्जेचा प्रश्न. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातील झरी-जामणी भागात कोलाम समाजातल्या कुमारी मातांची दुःस्थिती वृत्तपत्रांतून अनेकदा पुढे आली. बाहेरून आलेला ठेकेदार किंवा व्यापारी लग्नाचे आमिष दाखवतो आणि निघून जातो. मुलगी आणि मूल मागे राहतात. मुलगी अल्पवयीन असेल तर २०१२च्या कायद्याने पोलिसांना कळवणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. त्या धास्तीने कित्येक कुटुंबे सरकारी दवाखाना टाळून भोंदूंकडे वळतात. २०२२च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अविवाहितेलाही विवाहितेसारखाच अधिकार दिला आणि अल्पवयीन मुलीचे नाव उघड न करण्याची मुभा डॉक्टरांना दिली, ते यासाठीच. अशा मुलीला उपदेश करणे सोपे आहे. तिला आसरा देणे कठीण.

महाराष्ट्राने ते कठीण काम पूर्वी केलेले आहे. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवेने गुप्तपणे यावे, बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे, अशी तेथे सोय होती. तेथेच जन्मलेला एक मुलगा या दांपत्याने दत्तक घेतला, तो यशवंत. जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते, पण ख्रिस्ती झाले नव्हते. तरी गर्भाचे आणि मातेचे रक्षण एकाच छपराखाली कसे करावे, याचा वस्तुपाठ त्यांनी दिला. पंडिता रमाबाईंनी इंग्लंडमध्ये फुलहॅम येथे समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी ख्रिस्ती भगिनींनी चालवलेले गृह पाहिले आणि त्या दर्शनाने त्या धर्माकडे त्यांचे मन ओढले गेले. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी अशा स्त्रियांसाठी कृपासदन उभारले. ‘तू पापी आहेस’ या शब्दांनी नव्हे, तर ‘आत ये’ या शब्दांनी तेथे आरंभ होत असे.

आज दत्तकविधानाचा मार्गही पूर्वीपेक्षा मोकळा आहे. हिंदूंसाठी १९५६ पासून दत्तकाचा कायदा होता; ख्रिस्ती दांपत्याला मात्र दीर्घकाळ १८९०च्या कायद्यान्वये केवळ पालकत्व मिळे, अपत्य नव्हे. बाल न्याय कायद्याने ही उणीव दूर केली. आता कोणत्याही धर्माच्या दांपत्याला मूल रीतसर दत्तक घेता येते आणि मूल सोपवणाऱ्या आईला फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. गर्भाचा कैवार घेणाऱ्या चर्चला, आणि चर्चबाहेरील तितक्याच सहृदय माणसांना, कायद्याची सबब आता उरलेली नाही.

गर्भपात हा खेदाचा विषय आहे, हे बहुतेक स्त्रियांना कोणी शिकवावे लागत नाही. तो कमी व्हावा असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांच्यापुढचे काम स्पष्ट आहे. गर्भनिरोधाची साधने आणि माहिती बाईच्या हाती आली पाहिजे. या बाबतीत १९६८च्या परिपत्रकाने कृत्रिम साधनांना नकार देऊन कॅथलिक चर्चने स्वतःचीच वाट अरुंद केली आहे, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. त्यानंतर पोषण, दवाखाना, रस्ता. आणि यांपैकी काहीच वेळेवर न पोहोचलेल्या मुलीसाठी, तिचा निर्णय कोणताही असो, उघडे दार. सुरक्षित गर्भपाताची कायदेशीर सोय बंद करून यातले एकही काम होणार नाही. बाई फक्त पुन्हा अंधारात लोटली जाईल.

येशूचा जन्म परक्या गावी, जागा न मिळालेल्या एका गर्भवतीच्या पोटी, गोठ्यात झाला, ही कथा ख्रिस्ती माणूस दरवर्षी नाताळात ऐकतो. त्या कथेत त्या दोघांना उपदेश करणारा कोणी नाही; जागा देणारे आणि न देणारे एवढेच आहेत. भामरागडच्या वाटेवर खाटेवरून येणारी बाईही तेवढेच विचारीत असते. अजात जीवाच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाला आहे, हे त्या खाटेला खांदा देण्यास कोण पुढे येतो यावरूनच ठरावे.